ऐकलं, आणि ऐकू आलं

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या एका जुन्या वाड्यात भाडेकरू ठेवण्याची बोलणी चालली आहेत. मालक कर्जात बुडालाय, वाडा भाड्याने देण्यावाचून गत्यंतर नाही. येणाऱ्या भाडेकरूची माहिती देताना वकील एक नाव आठवायला बघतोय. भाडेकरूच्या बायकोचा एक भाऊ काही वर्षांपूर्वी जवळच्या मंकफर्ड गावात चर्चचा लहानसा धर्माधिकारी होता. माणूस डोळ्यांसमोर आहे, नाव जिभेवर येत नाही. मालकाला तर तिथे असं कुणी राहत होतं हेच आठवत नाही, त्याच्या लेखी असली माणसं मोजायचीच नसतात. मधली मुलगी क्षणभर थांबते, आणखी कुणी सांगतंय का याची वाट पाहते आणि मग स्वतःच ते नाव उच्चारते. वेंटवर्थ. बोलणी आटोपल्यावर ती तापलेले गाल घेऊन बाहेर झाडांखाली फेऱ्या मारायला जाते. घरातल्या कुणालाच त्या नावात काही वेगळं ऐकू आलेलं नसतं.

जेन ऑस्टिनची 'पर्सुएशन' माझ्यासाठी इथून सुरू होते, जरी हे तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटाशी असलं तरी. मुलीचं नाव अ‍ॅन एलियट, वय सत्तावीस. एकोणिसाव्या वर्षी, 1806 च्या उन्हाळ्यात, मंकफर्डच्या त्या धर्माधिकाऱ्याकडे राहायला आलेल्या त्याच्या धाकट्या भावाशी, फ्रेडरिक वेंटवर्थशी, तिचं लग्न ठरलं होतं. तो नौदलातला तेवीस वर्षांचा अधिकारी. हुशार, उमेदीने भरलेला आणि खिशाने रिकामा. वडिलांना हे स्थळ आपल्या कुळाला कमीपणा आणणारं वाटलं. पण वडिलांचा विरोध अ‍ॅनने सोसला असता. तिला मोडलं ते लेडी रसेलने. आई गेली तेव्हा अ‍ॅन चौदा वर्षांची होती, आणि आईची ही मैत्रीण त्यानंतर तिच्यासाठी आईच्या जागी होती. जी बाई आपल्यावर माया करते, जिचं चुकत नाही असं आपण मानतो, ती शांतपणे सांगते की हे लग्न अविचाराचं आहे, तुझं आणि त्याचंही त्यात नुकसान आहे. अ‍ॅनने ठरलेलं लग्न मोडलं. तो अपमान गिळून समुद्रावर निघून गेला. आता आठ वर्षांनी त्याचीच बहीण आणि मेहुणा तिच्या वाड्यात भाड्याने राहायला येणार आहेत, आणि पाठोपाठ तोही येणार आहे.

दोघं पुन्हा एकत्र येतात हे मी इथेच सांगून टाकते. त्याने काहीच बिघडत नाही. ही कादंबरी शेवट कळण्यासाठी वाचायची नसते. मी ती पाच-सहा वेळा वाचली आहे, आणि शेवटाकडची पानं वाचताना दर वेळी छाती तशीच धडधडते.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी अ‍ॅनच्याच वयाची होते, लग्न मोडणाऱ्या अ‍ॅनच्या. मला तिचा राग आला होता. इतकं ऐकायचं कशाला कुणाचं, असं मी तावातावाने मैत्रिणीला म्हटलं होतं. पुढे केव्हातरी माझ्याच त्या वाक्यातलं क्रियापद माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून ही कादंबरी मला मराठीतून दिसते. इंग्रजी नावाचा अर्थ मन वळवणं. ऑस्टिनच्या पश्चात हे नाव बहुधा तिच्या भावाने दिलं. घरात या पुस्तकाला 'एलियट कुटुंब' अशा अर्थाच्या नावाने ओळखत, असं त्यांच्याकडे सांगितलं जाई. मराठीत मात्र एकच शब्द या कादंबरीचं सगळं ओझं उचलतो. ऐकणं. ती मुलगी ऐकत नाही म्हणजे तिचे कान बिघडले आहेत असं नाही, ती सांगितल्याप्रमाणे वागत नाही. कानाने ऐकणं आणि आज्ञा म्हणून ऐकणं या दोन्हींसाठी आपण तोच शब्द वापरतो. अ‍ॅनने एकोणिसाव्या वर्षी ऐकलं. त्यानंतरची आठ वर्षं आणि कादंबरीची सगळी पानं ती नुसती ऐकत असते, दुसऱ्या अर्थाने. आणि तिची गोष्ट तेव्हाच वळण घेते जेव्हा दुसरं कुणीतरी तिचं ऐकतं.

दुरावलेल्या दोघांनी पुन्हा भेटण्याच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. दुष्यंत शकुंतलेला विसरतो, पण कालिदासाने त्या विसरण्याचा भार दुर्वासाच्या शापावर टाकला आणि आठवण परत आणायला अंगठी योजली. मासळीच्या पोटातून अंगठी निघते आणि राजा निर्दोष ठरतो. मला त्याहून जवळची वाटते ती दमयंती. नल तिला रानात टाकून गेला. ती माहेरी पोचली आणि रडत बसली नाही. तिने देशोदेशी ब्राह्मण पाठवले. ठरवून दिलेले शब्द त्यांनी सभांमधून म्हणायचे आणि त्यांना कोण उत्तर देतं ते येऊन सांगायचं. ऋतुपर्णाच्या पदरी असलेल्या बाहुक नावाच्या कुरूप सारथ्याने उत्तर दिलं, आणि तिला कळलं. मग दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून तिने त्याला रथासह कुंडिनपुरात आणलं. नवऱ्याला शोधायला ती डोळे वापरत नाही. रूप बदललेलं आहे, डोळ्यांचा उपयोगच नाही. ती कान वापरते. ऑस्टिनला दमयंती ठाऊक असण्याचं कारण नाही. पण वेंटवर्थ आल्या आल्या अ‍ॅनबद्दल काय म्हणतो ते वाचताना मला हटकून बाहुक आठवतो. ती इतकी बदलली आहे, तो म्हणतो, की आपण तिला ओळखलंही नसतं. आणि हे वाक्य त्याच दिवशी अ‍ॅनपर्यंत पोचतं, कारण तिची धाकटी बहीण मेरी येऊन ते तिला सहज सांगते.

ते पोचतं कारण जागा लहान आहे. ही गोष्ट लंडनमध्ये घडली असती तर घडलीच नसती. अ‍ॅनचं केलिंच आणि मेरीचं सासर असलेलं अपरक्रॉस यांच्यात अंतर तीन मैलांचं. ऑस्टिनचं एक निरीक्षण मला फार खरं वाटतं: या तीन मैलांत माणसांची बोलणी, त्यांच्या काळज्या, त्यांची मतं सगळी पालटतात, आणि अ‍ॅनला दर वेळी नव्याने कळतं की आपल्या घरी जे आभाळाएवढं वाटत होतं त्याची इथे कुणाला फिकीरही नाही. पण लहान जागेची दुसरी बाजूही आहे. तिथे माणसाला टाळता येत नाही. आपल्या तालुक्याच्या गावात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. ज्या घरून नकार आला त्या घरासमोरूनच बाजाराचा रस्ता जातो. गणपतीच्या आरतीला, कुणाच्या बारशाला, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर ते माणूस समोर येतंच. आणि ते समोर आलं की दोघांनी कसं वागायचं याचा एक अलिखित नियम असतो. काही झालंच नव्हतं असं वागायचं. अपरक्रॉसच्या मसग्रोव्ह कुटुंबाला त्या जुन्या ठरलेल्या लग्नाचा पत्ताही नाही. त्यामुळे दोघं रोज एकाच जेवणाच्या टेबलावर बसतात. त्याने कुठल्या जहाजावर काय केलं हे तो सगळ्यांना सांगतो, आणि 1806 हे साल त्याच्या तोंडून निघतं तेव्हा टेबलावर दोनच माणसांना त्या सालाचा अर्थ ठाऊक असतो.

एका संध्याकाळी घरात नाच चालू असतो आणि अ‍ॅन पियानो वाजवत असते. बाकीच्यांनी नाचावं म्हणून कुणीतरी वाजवायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे नेहमी अ‍ॅन. तो आपल्या जोडीदारणीला विचारतो की त्या कधी नाचत नाहीत का. अ‍ॅनच्या कानावर प्रश्न येतो, उत्तरही येतं: नाही, त्यांनी नाच सोडला. त्यानंतर थोड्या वेळाने ती पियानोपासून दूर जाते, तो तिथे बसून एक चाल जुळवू पाहतो, ती परत येताच उठतो आणि अत्यंत सभ्यपणे तिची जागा तिला देतो. एवढंच घडतं. त्या सभ्यपणाची थंडी अंगावर येते. चांगल्या घरातल्या माणसांनी एकमेकांना दुखवायचं ठरवलं तर ती शिष्टाचाराने दुखवतात, हे ऑस्टिनइतकं नेमकं फार थोड्यांनी लिहिलं आहे.

पुढे एक दिवस ही सगळी मंडळी लांब फिरायला जातात. अ‍ॅन दमून एका कुंपणापाशी बसते आणि पलीकडून वेंटवर्थ आणि लुइझा मसग्रोव्ह बोलत चाललेले तिला ऐकू येतात. लुइझा वीसच्या आतबाहेरची, आनंदी, हट्टी मुलगी. वेंटवर्थ तिला झाडावरून तोडलेलं एक हेझलनट दाखवून सांगतो की माणसाने असं घट्ट असावं, पावसापाण्याने न भेदलं जाणारं. मऊ, वळणाऱ्या मनाच्या माणसाचा भरवसा नसतो. तो कुणाबद्दल बोलतोय हे लुइझाला कळत नाही, कुंपणाच्या या बाजूला बसलेल्या बाईला कळतं. मग लुइझा सांगून टाकते की आपल्या भावाने, चार्ल्सने, मेरीवहिनीच्या आधी अ‍ॅनला मागणी घातली होती आणि अ‍ॅनने नाही म्हटलं. तो विचारतो, कधी? त्या एका प्रश्नात आठ वर्षांचा बर्फ जरा हलल्यासारखा वाटतो. बाविसाव्या वर्षी, म्हणजे त्याच्या जाण्यानंतर तीन वर्षांनी, एका चांगल्या, खात्यापित्या घरच्या मुलाला अ‍ॅनने स्वतः नकार दिला होता. त्या वेळी तिने कुणाचा सल्ला मागितला नव्हता.

घट्टपणाचं ते कौतुक लुइझा मनावर घेते, आणि त्याचा हिशेब लाइममध्ये होतो.

लाइम रीजिस हे डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचं छोटं गाव. मुख्य रस्ता घाईघाईने समुद्राकडे उतरत जातो, आणि बंदराला कुशीत घेणारी कॉब नावाची जुनी, वळणदार दगडी भिंत पाण्यात शिरते. भिंतीचे दोन थर आहेत, वरून खाली उतरायला पायऱ्या. ऑस्टिन तिथे 1803 आणि 1804 मध्ये राहून गेली होती, आणि कादंबरीत त्या गावाचं वर्णन करताना ती नेहमीचा आखडता हात सोडून देते. एरवी तिच्या पुस्तकांत निसर्ग फार थोडा असतो. इथे मात्र ती कडे, त्यांच्यामधल्या हिरव्या घळी, भरतीच्या वेळी बसून समुद्राकडे बघण्याच्या जागा अशी वाचकाला हाताला धरून फिरवते. त्याच गावात 1799 मध्ये मेरी अ‍ॅनिंग जन्मली. त्याच कड्यांमधून निखळणारे प्राचीन सागरी प्राण्यांचे अवशेष तिने गोळा केले आणि भूगर्भशास्त्राला हादरवलं. ऑस्टिन लाइमला आली तेव्हा ती जेमतेम चार-पाच वर्षांची होती.

मंडळी नोव्हेंबरात लाइमला जातात. समुद्राच्या वाऱ्याने अ‍ॅनच्या चेहऱ्यावर रंग येतो. वाटेत एक अनोळखी गृहस्थ तिच्याकडे कौतुकाने बघतो आणि ते बघताना वेंटवर्थला दिसतो. त्यालाही वाटतं की पूर्वीची अ‍ॅन हिच्यात आहे. त्याच दिवशी पुढे कॉबवर लुइझा पायरीवरून त्याच्या हातांत उडी मारते. पुन्हा मारायची म्हणते. खाली दगड आहे, धक्का बसेल, तो नको म्हणतो. ती ऐकत नाही, म्हणते माझं ठरलंय, आणि त्याचे हात पुढे येण्याआधी उडी घेते. फरशीवर पडून ती बेशुद्ध होते. आरडाओरडा, कुणी रडतंय, कुणी चक्कर येऊन कोसळतंय. वेंटवर्थ, लढाया पाहिलेला कप्तान, भिंतीला टेकून विचारतो की कुणी मदत करणार नाही का. डॉक्टर कुणाला आणायला पाठवायचा, मुलीला कुठे न्यायचं हे सगळं ठरवते अ‍ॅन. ज्या मुलीचं मन कुणीही वळवतं असं तो आठ वर्षं मानत आला, तिच्या सांगण्यावर त्या भिंतीवरचे सगळे पुरुष हलतात. ऐकणं आणि न ऐकणं यांतला खरा फरक त्याला तिथे दगडावर दिसतो. असं म्हणतात की कवी टेनिसन लाइमला आला तेव्हा त्याला इतिहासातल्या जागा दाखवायला लागले, आणि तो म्हणाला की लुइझा मसग्रोव्ह कुठे पडली ती जागा आधी दाखवा. तिथल्या दगडी पायऱ्यांपैकी नेमक्या कोणत्या, यावर वाचक आजही वाद घालतात.

ही गोष्ट मनांची आहे तितकीच पैशांची. वेंटवर्थ परत येतो तो पंचवीस हजार पौंड घेऊन. त्या काळच्या ब्रिटिश नौदलात शत्रूचं जहाज पकडलं की त्याच्या किमतीतून कप्तानापासून खलाशापर्यंत वाटे पडत. फ्रान्सशी युद्ध चालू होतं तोवर तरुण कप्तानाला श्रीमंत होता येत होतं. 1814 मध्ये नेपोलियन एल्बावर गेला, तह झाला, अधिकारी किनाऱ्यावर उतरले, घरं शोधू लागले. अ‍ॅनच्या वडिलांसारख्या, सर वॉल्टर एलियटसारख्या, कुळवंताने उधळपट्टीत वाडा गमावण्याच्या बेतात आणला आणि समुद्रावरून आलेल्या माणसाने तो भाड्याने घेतला. अ‍ॅनची दुसरी संधी या तहातून निघते. आणि ही कादंबरी वाचणाऱ्या 1817 सालच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं की कादंबरी संपते त्या वसंतातच नेपोलियन एल्बावरून सुटून परत आला होता आणि जूनमध्ये वॉटर्लू झालं. पुस्तकाच्या शेवटच्या ओळींत पुढच्या युद्धाची जी धाकधूक आहे ती उगीच नाही.

ऑस्टिनचे दोन भाऊ नौदलात होते. त्यांतल्या चार्ल्सने आपल्या वाट्याच्या पैशांतून दोन्ही बहिणींसाठी पुष्कराजाचे क्रॉस आणि सोन्याच्या साखळ्या घेतल्या होत्या. तोच चार्ल्स पुढे ॲडमिरल होऊन या बाजूच्या समुद्रांवर आला आणि 1852 मध्ये ब्रह्मदेशात वारला. आपल्याकडच्या वाचकाला वेंटवर्थचं जहाज कसं असेल हे बघायचं असेल तर एक खरी गोष्ट सांगते. 'पर्सुएशन' छापून निघाली त्याच्या दोन महिने आधी, 12 ऑक्टोबर 1817 रोजी, मुंबईच्या गोदीतून 'त्रिंकोमाली' नावाचं फ्रिगेट पाण्यात सोडलं गेलं. जमशेदजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारी सागवानाचं. वेंटवर्थचं 'लाकोनिया' ज्या जातीचं, त्याच जातीचं हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभं आहे. त्या समृद्धीत आपलं लाकूड आणि आपले सुतार होते. त्याच समृद्धीत आणखीही काही होतं, आणि तेही वाचकाने डोळ्यांआड करू नये असं मला मनापासून वाटतं. शेवटी वेंटवर्थ अ‍ॅनच्या आजारी मैत्रिणीला, मिसेस स्मिथला, तिच्या नवऱ्याची वेस्ट इंडीजमधली मालमत्ता परत मिळवून देतो. त्या बेटांवर त्या काळी मालमत्ता म्हणजे बहुधा उसाचे मळे आणि मळ्यांवर गुलाम. गुलामांच्या व्यापारावर ब्रिटनने 1807 मध्ये बंदी घातली होती, गुलामगिरी मात्र 1830 च्या दशकापर्यंत चालू राहिली. कादंबरीत यावर एक शब्द नाही.

वेस्ट इंडीजचंच आणखी एक दुःख या पुस्तकामागे आहे असं मला वाटतं. जेनची बहीण कॅसांड्रा, जवळजवळ तीन वर्षांनी मोठी, तिचं टॉम फाउल नावाच्या तरुण धर्मगुरूशी लग्न ठरलं होतं. उत्पन्न पुरेसं नव्हतं म्हणून ते थांबले. तो एका लॉर्डाच्या पलटणीबरोबर वेस्ट इंडीजला गेला आणि 1797 मध्ये सान डोमिंगोला पिवळ्या तापाने गेला. कॅसांड्राने पुढे लग्न केलं नाही. सान डोमिंगोच्याच लढाईत 1806 साली जेनचा नौदलातला दुसरा भाऊ फ्रान्सिस होता, आणि कादंबरीतल्या वेंटवर्थला बढती मिळते ती याच लढाईनंतर. बहिणीचं माणूस जिथून परत आलं नाही, त्याच समुद्रावरून जेनने अ‍ॅनचं माणूस परत आणलं. तिने हे जाणून केलं का, ते मी सांगू शकत नाही. पण शहाणपण म्हणून थांबण्याची किंमत काय असते हे तिने रोज समोरच्या खुर्चीत बसलेलं पाहिलं होतं.

'पर्सुएशन' संपवताना जेन स्वतः आजारी होती. 8 ऑगस्ट 1815 ला सुरू केलेली कादंबरी 18 जुलै 1816 ला संपली. संपली आणि तिला पटली नाही. पहिल्या शेवटात वाड्याचा भाडेकरू, वेंटवर्थचा मेहुणा ॲडमिरल क्रॉफ्ट, अ‍ॅनला रस्त्यात गाठून घरी आणतो, तिथे वेंटवर्थ असतो. ॲडमिरल त्याला शेजारच्या खोलीत नेतो आणि दाराआडून अ‍ॅनला तुटक शब्द ऐकू येतात. मग वेंटवर्थ अवघडून तिच्याकडे येतो आणि ॲडमिरलचा निरोप म्हणून विचारतो: तुमचं मिस्टर एलियटशी (लाइमला तिच्याकडे बघणारा तो गृहस्थ, वाड्याचा वारस) लग्न ठरलंय असं ऐकतो, तसं असेल तर वाडा रिकामा करून द्यायचा का? ती नाही म्हणते, आणि गोष्ट मिटते. पुतण्याने पुढे लिहिलेल्या आठवणींत आहे की एका रात्री ती खिन्न होऊन झोपायला गेली आणि सकाळी तिला मार्ग दिसला. 6 ऑगस्टपर्यंत तिने ते प्रकरण काढून टाकून दोन नवी लिहिली. काढून टाकलेली पानं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिच्या पुऱ्या झालेल्या कादंबऱ्यांपैकी हस्तलिखित म्हणून उरलं आहे ते एवढंच. पहिला शेवट लिहिल्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, 18 जुलै 1817 ला, ती विंचेस्टरमध्ये वारली. एक्केचाळीस वर्षांची होती. पुस्तक त्या डिसेंबरात जॉन मरेने 'नॉर्थँगर अ‍ॅबी'बरोबर छापलं, आणि हेन्री या भावाने लिहिलेल्या टिपणामुळे या कादंबऱ्यांची लेखिका कोण हे जगाला नावानिशी कळलं.

तिने काय बदललं ते नीट पाहावं. गोष्ट आता बाथ शहरात आली आहे. बाथ मोठं आहे, तिथे माणूस गल्लीत वळून निसटू शकतो, आणि या दोघांची तिथे दर वेळी चुकामूक होते. मग मसग्रोव्ह मंडळी व्हाइट हार्ट या सरायीत येऊन उतरतात, आणि अपरक्रॉसची ती गजबजलेली बैठकीची खोली जणू त्यांच्या सामानातून बाथमध्ये येते. त्या गर्दीत वेंटवर्थ एका टेबलाशी पत्र लिहितोय. खिडकीपाशी त्याचा मित्र कप्तान हारव्हिल अ‍ॅनशी बोलतोय. त्याची बहीण वारली, तिच्यासाठी काढलेली तिच्या वाग्दत्त नवऱ्याची तसबीर आता दुसऱ्याच मुलीसाठी मढवायची आहे, आणि भावाचं मन भरून आलंय. बोलणं वळतं: अधिक काळ प्रेम कोण जपतं, बाई की पुरुष? तो म्हणतो, सगळी पुस्तकं बायकांच्या चंचलपणाबद्दल सांगतात. ती म्हणते, पुस्तकांचा दाखला देऊ नका, ती पुरुषांनी लिहिली आहेत, लेखणी त्यांच्या हातात होती. त्याआधीच केव्हातरी वेंटवर्थच्या हातातली लेखणी खाली पडलेली असते. तो आवाज ऐकून अ‍ॅनला कळतं की तो इतका जवळ आहे. ती थांबत नाही. आशा संपल्यावरही प्रेम करत राहणं, ती शेवटी म्हणते, एवढाच हक्क मी माझ्या जातीसाठी मागते. आणि टेबलाशी बसलेला माणूस ते ऐकत तिलाच पत्र लिहीत असतो.

पहिल्या शेवटात दाराआडून ऐकणारी अ‍ॅनच होती आणि विचारणारा तो. दुसऱ्यात ऑस्टिनने बाईच्या तोंडी आवाज दिला आणि पुरुषाला ऐकायला बसवलं. कुंपणापलीकडून, पियानोपाशी, जेवणाच्या टेबलावर अ‍ॅनने जे सोसलं ते आता त्याच्या वाट्याला आलं. दोघांची जागा बदलल्याशिवाय हे लग्न व्हायला नको, हे ऑस्टिनला त्या सकाळी उमगलं असावं.

आता राहतो तो प्रश्न, जो प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी निघतो. मोठ्यांचं ऐकून चूक केली का? अ‍ॅनचं उत्तर विचित्र वाटतं. सल्ला चुकीचा होता, ती म्हणते, आणि मी कधी कुणाला तो देणार नाही. पण ऐकलं ते बरोबरच केलं, नाही ऐकलं असतं तर मनाला टोचणी लागली असती. तरुणपणी मला ही शरणागती वाटली होती. आता मला वाटतं, ती आपला दोष दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायला नकार देते आहे. जिने आपल्यावर माया केली तिला खलनायिका करून ती आपलं सुख उभं करत नाही. आणि ऑस्टिन लेडी रसेललाही सोडत नाही. तिला वेंटवर्थ आणि मिस्टर एलियट या दोन्ही पुरुषांबद्दल आपण पूर्ण चुकलो हे मान्य करून नव्याने मतं बांधावी लागतात. वेंटवर्थकडूनही हिशेब घेतला जातो. 1808 मध्ये, हातात थोडा पैसा आणि जहाज आल्यावर, मी पत्र लिहिलं असतं तर तू हो म्हटलं असतंस का, असं तो विचारतो. ती जे उत्तर देते त्यात सगळं येतं. सहा वर्षं वाचली असती. त्याने लिहिलं नाही कारण एकदा नकार आला त्या घरी पुन्हा विचारायचं नसतं. मानाची ही रीत आपल्याला परकी नाही. मुलीकडच्यांनी नाही म्हटलं की मुलाकडच्यांनी त्या दारावरून जाणं बंद केलेलं आपण पाहिलं आहे, आणि त्या दोन घरांतली दोन माणसं मग वर्षानुवर्षं एकाच गावात राहताना पाहिली आहेत.

वाचकाने क्रॉफ्ट जोडप्याकडेही लक्ष द्यावं. मिसेस क्रॉफ्ट नवऱ्याबरोबर चार वेळा अटलांटिक ओलांडून गेली आहे, पूर्वेकडे येऊन गेली आहे. तिला आजारल्यासारखं वाटलं ते एकाच हिवाळ्यात, नवरा समुद्रावर आणि ती एकटी किनाऱ्यावर होती तेव्हा. ही दोघं आपल्या छोट्या गाडीतून जाताना तो लगाम चुकीच्या बाजूला ओढतो आणि ती शांतपणे हात घालून गाडी खांबापासून वाचवते. अ‍ॅन त्यांच्या शेजारी बसून हे बघते आणि तिला हसू येतं. अ‍ॅनला त्या गाडीत चढवून बसवलेलं असतं वेंटवर्थने, एक शब्द न बोलता, ती दमली आहे हे ओळखून.

आणि शेवटी बाथमधला युनियन स्ट्रीट. पत्र वाचून अ‍ॅनला उभं राहवत नाही, तिचा मेहुणा चार्ल्स तिला घरी पोचवायला निघतो. त्याला एका दुकानात बंदूक बघायला जायचं आहे, उशीर होतोय. वेंटवर्थ मागून येऊन गाठतो. चार्ल्स विचारतो, तुम्ही त्याच बाजूला चाललात का, मग हिला जरा पोचवा. बंदुकीच्या ओढीने तो निघून जातो, आणि दोघं खडीच्या त्या निवांत चढावर वळतात. राजकारण बोलणारे गृहस्थ, घरकाम सांभाळणाऱ्या बायका, खिदळणाऱ्या मुली, दायांबरोबर आलेली पोरं, सगळे त्यांच्या जवळून जातात आणि दोघांना कुणी दिसत नाही. सगळी कादंबरीभर दुसऱ्यांचं बोलणं आपल्या कानावर घालणारी ऑस्टिन इथे पहिली काही वाक्यं आपल्याला ऐकू देत नाही. ती दोघं पुढे चालत असतात, फार सावकाश, आणि आपण जरा मागे राहायचं.